त्रेसष्ट खुंट्यांचे घर

आमच्या घराला खुंट्या किती, हे आम्हांला घर सोडण्याच्या वेळी कळले. त्या मोजल्या जुन्या सामानाच्या एका व्यापाऱ्याने. हातात खडू घेऊन तो ओसरीपासून माडीपर्यंत हिंडला, प्रत्येक खुंटीखाली भिंतीवर एक बारीकशी रेघ ओढली आणि खाली येऊन म्हणाला, "काका, त्रेसष्ट." ज्या घरात आमच्यापैकी एकाचा जन्म झाला आणि ज्या घरात दुसरी १९७५ साली माप ओलांडून आली, त्या घरातील खुंट्या मोजण्याचे आम्हां दोघांच्याही कधी मनात आले नव्हते. खुंटीला टोपी अडकवायची, पंचा टाकायचा, पावसाळ्यात ओल्या छत्र्या लटकवायच्या. ती मोजायची असते थोडीच!

या लेखात जागोजाग 'आम्ही' येईल, ते लेखकाच्या थाटाने नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. लेखणी एकाच्या हाती आहे. परंतु दुसरी व्यक्ती शेजारी भाजी निवडीत बसली आहे, प्रत्येक वाक्य ऐकते आहे, आणि दोन ठिकाणी तिने वाक्य बदलावयासही लावले आहे. ती ठिकाणे वाचकांनी शोधू नयेत.

घर बडोद्याचे, दांडिया बाजाराच्या बाजूचे. १९११ साली आमच्या आजोबांनी ते बांधले. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या अमदानीत महाराष्ट्रातून जी शेकडो कुटुंबे नोकरीनिमित्त बडोद्यास येऊन स्थायिक झाली, त्यांतलेच आमचे एक. आजोबा वसूल खात्यात कारकून होते व पुढे अव्वल कारकून झाले; यापलीकडे त्यांच्या कर्तबगारीची नोंद कोठेही नाही. परंतु घर मात्र त्यांनी तालेवारासारखे बांधले. व्यारा-सोनगढचे जंगल त्या काळी बडोदे संस्थानातच होते. तिकडचे साग आणून त्यांनी खांब, तुळया आणि कडीपाट उभा केला, अशी घरातली कथा. पुढे ओटा, मग दिंडीदरवाजा, आत फरसबंद चौक, चौकात तुळशीवृंदावन, तीन बाजूंना ओसरी, मागे माजघर, स्वयंपाकघर, काळोखाची म्हणून प्रसिद्ध असलेली बाळंतिणीची खोली, न्हाणीघर, आड आणि वर माडी. माडीला बावीस पायऱ्या. त्या मात्र आम्ही मोजल्या होत्या. गेली दहा वर्षे दररोज, गुडघ्यांनी मोजल्या होत्या.

आणि ओसरीत झोपाळा होता. गुजरातेत राहून ज्याच्या घरी झोपाळा नाही असा जुना मराठी माणूस विरळा. महाराष्ट्रातील आमचे नातलग आले की प्रथम झोपाळ्यावर बसत आणि मग कुशल विचारीत. सहा फूट लांब, सागाची एकसंध फळी, आणि चार पितळी साखळ्या. त्या झोपाळ्याबद्दल पुढे बोलावे लागणार आहे. म्हणून येथे एवढेच.

घर सोडण्याचा विचार आमचा नव्हता, असे आम्ही पुष्कळ दिवस सर्वांना सांगत होतो. विचार मुलांचा, असे म्हणायचे. मुलगा हैदराबादेस, मुलगी अहमदाबादेस. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला जो पूर आला तो बडोद्याच्या लोकांना सांगावयास नको. शहराच्या कितीतरी वस्त्या पाण्याखाली गेल्या, नदीतल्या सुसरी रस्त्यांवर आल्या, वीज गेली. आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या बुडाल्या आणि पाणी तिसरीशी थांबले. घराला काही झाले नाही. पण तीन दिवस दूध नाही, मोबाईलची बॅटरी संपलेली, आणि त्याच वेळी आमच्यापैकी एकाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. मुलगी अहमदाबादेहून निघाली ती चौथ्या दिवशी पोहोचली. आल्यावर ती रागावली नाही, रडलीही नाही. तिने माजघरातील फडताळ उघडले, त्यातले औषधांचे डबे बाहेर काढले व मुदत संपलेल्या गोळ्या मुकाट्याने एका पिशवीत भरू लागली. ते दृश्य आम्हांला फार लागले. त्या रात्री ठरले. म्हणजे विचार मुलांचा असे म्हणणे तितकेसे खरे नाही.

खरे सांगावयाचे तर आम्हां दोघांचे या बाबतीत एकमत कधीच नव्हते. जो त्या घरात जन्मला त्याला वाटे की आपण येथूनच जावे. जी त्या घरात सून म्हणून आली तिने पन्नास वर्षे तो चौक झाडला होता, गौरीच्या सणाला चाळीस-चाळीस पानांचा स्वयंपाक केला होता, आडाचे पाणी शेंदले होते, आणि बावीस पायऱ्या चढून माडीवर लोणच्याच्या बरण्या नेल्या होत्या. "तुमचे बालपण ज्या घरात गेले त्याच घरात माझे गुडघे गेले," हे तिचे वाक्य. यावर काय बोलणार? बोललो नाही.

नवे घर गोत्रीच्या बाजूस, पाचव्या मजल्यावर. दोन झोपण्याच्या खोल्या, एक दिवाणखाना, स्वयंपाकघर व बाल्कनी नावाची एक फळी. दलालाने प्रथम अकराशे ऐंशी चौरस फूट सांगितले. ते 'सुपर बिल्ट-अप' होते. म्हणजे जिना, लिफ्ट, खालचा व्हरांडा आणि पहारेकऱ्याची खुर्ची यांतला आमचा हिस्साही त्यात धरलेला. २०१६ च्या 'रेरा' कायद्याने नव्या बांधकामात आतल्या वापराचे, म्हणजे 'कार्पेट', क्षेत्रफळ सांगणे बिल्डरास भाग पडले. पण हे घर दुसऱ्याच्या हातचे, जुने, तेव्हा आमच्या जावयांनी स्वतः टेप धरून मोजले. सातशे दहा भरले. आमचा चौक आणि ओसरी मिळूनच याहून मोठी होती. परंतु लिफ्ट होती, खाली औषधांचे दुकान होते, आणि इस्पितळ दहा मिनिटांवर. आमच्यापैकी एकीने स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर उभे राहून दोन्ही हात पसरले. एका हाताला गॅस, दुसऱ्या हाताला नळ. "सगळे हाताशी!" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो पाहून दुसऱ्याला आपलीच थोडी लाज वाटली.

मग वस्तूंची छाननी सुरू झाली. हे प्रकरण तीन महिने चालले. कोणी आम्हांला विचारील तर आम्ही सांगू, की वस्तूंना हात लावताना दोघांनी एका खोलीत बसू नये. एकाने टाकावयाचे आणि दुसऱ्याने परत उचलावयाचे, यात पहिला महिना गेला. माळ्यावरून खाली आले ते असे: तांब्याचा बंब, दोन घंगाळी, पितळेची सात पातेली (त्यांतल्या सर्वांत मोठ्यात आमचा मुलगा लहानपणी आंघोळीला बसे), कल्हई गेलेल्या पराती, शेवयांचा पाट, पुरणयंत्र, एकाला एक जोडलेले पाच पाळणे म्हणावेत असा खेळण्यांचा ढीग, आणि कुलूप नसलेल्या किल्ल्यांचा एक जुडगा. तांबे-पितळ वजनावर गेले. मोडीच्या भावाने घेणाऱ्याने पातेली उलटी करून तळाशी कोरलेली नावे वाचली देखील नाहीत. लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात कोणी काय दिले ते त्या काळी भांड्यावर कोरून देण्याची चाल होती. नावे कोरलेली अकरा भांडी आम्ही बाजूला काढली, मग सात ठेवली, शेवटी चार नेली.

पुस्तके नऊशेच्या आसपास. ज्या शहरात १९१० साली मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि खेड्याखेड्यांत फिरत्या पुस्तकांच्या पेट्या गेल्या, त्या शहरात पुस्तके देण्याकरिता माणूस शोधावा लागेल असे वाटले नव्हते. एका संस्थेने आस्थेने यादी मागविली, व यादीतून एकशे चाळीस घेतली. त्यांचाही दोष नाही. मराठी वाचणारे आता तेथे किती येणार? १९३४ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात आमचे वडील स्वयंसेवक होते, वय वर्षे सतरा. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१वे संमेलन पुन्हा बडोद्यात भरले, तेव्हा आमच्या घरी नऊ पाहुणे उतरले होते. माडीवर गाद्या घातल्या होत्या, आणि रात्री दोन वाजेपर्यंत ओसरीत वाद चालला होता. ते घर भरलेले असे शेवटचे. बाकीच्या पुस्तकांतली काही मुलीने नेली, काही आमच्याबरोबर आली, उरलेली रद्दीत गेली. कोणती ते विचारू नये.

मोडीची दोन दप्तरे निघाली. आजोबांच्या हातचे अक्षर, लाल रुमालात बांधलेले. आमच्यापैकी कोणालाही एक अक्षर लागत नाही. हिशेब असतील, पत्रे असतील, कदाचित कर्जाचे कागद असतील. ती आम्ही टाकली नाहीत व वाचलीही नाहीत. नव्या घरी पलंगाखाली आहेत. देव मात्र सगळे आले. पंचायतन, टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा. देवांना जागा कमी पडली नाही; त्यांच्या उपकरणांना पडली.

आता कागदपत्रांचे. घर आजोबांचे, वडिलोपार्जित. विकावयाचे म्हणजे प्रथम पेढीनामा करावा लागतो. तलाठ्याच्या कचेरीत पंचांसमक्ष मूळ पुरुषापासून सर्व वारसांची नावे लिहितात: मेलेल्यांपुढे 'मयत', हयातांपुढे वय व गाव. त्या कागदावर आमच्या नावाच्या वरच्या ओळीत अक्काचे नाव आले. अक्का म्हणजे आमची नणंद आणि आमची थोरली बहीण. दोघांच्या मिळून एकाच वाक्यात हे असेच लिहावे लागते. वय एक्क्याऐंशी, राहणार इंदूर.

बाप गेल्यावर त्याच्या मिळकतीत मुलीला वाटा देण्याचे १९५६ च्या कायद्याने सुरू झाले, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. अक्काने त्या हक्काचा उपभोग घेतला तो एवढाच, की एक सही करून तो सोडून दिला. महाराष्ट्रात ज्यास हक्कसोड म्हणतात त्यास आमच्या गुजरातेत 'हक्ककमी' म्हणतात. दोन्ही शब्द पुरेसे स्पष्ट आहेत.

आम्ही तिला विचारले नाही असे नाही. टेलिफोनवर विचारले, "अक्का, तुझ्या वाट्याचे काय करायचे?" परंतु कोणताही प्रश्न ज्या स्वरात विचारला जातो त्यात त्याचे उत्तर असते. आमचा स्वर 'नको' ऐकण्याचा होता. "मला काय करायचंय रे या वयात?" ती म्हणाली, आणि आमच्या छातीवरचा भार उतरला. हे लिहिण्यास जड जाते. पण नव्या घराची किंमत, मुलाचे कर्ज, आमची औषधे असा सगळा हिशेब आम्ही तिचा वाटा न धरताच मांडून ठेवला होता.

२०२५ च्या मार्चमध्ये ती नातवाबरोबर बडोद्यास आली. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत तीन तास बाकावर बसली. नंबर लागला तेव्हा कॅमेऱ्यासमोर पदर सावरून ताठ बसली, अंगठा यंत्रावर ठेवला. कातडी झिजलेली, ठसा उठेना. कारकुनाने तिचा अंगठा ओल्या फडक्याने पुसून चार वेळा दाबून घेतला. चौथ्यांदा उठला. घरी आल्यावर आम्ही रीतीप्रमाणे तिला साडी दिली, खण-नारळाने ओटी भरली. संध्याकाळभर ती झोपाळ्यावर बसून होती. पायाने हलकेच जमिनीला रेटा द्यायचा आणि मग पाय वर घ्यायचे, ही तिची जुनी सवय. दुसऱ्या दिवशी गेली. जाताना वृंदावनातल्या तुळशीच्या मंजिऱ्या तेवढ्या रुमालात बांधून नेल्या. काही मागितले नाही.

अक्षय्यतृतीयेला, ३० एप्रिलला, आम्ही नव्या घरात गेलो. त्याच्या दहा दिवस आधी तो व्यापारी आला होता. खुंट्या, कोरीव चौकट, दोन फडताळे, माडीचा कठडा आणि झोपाळा, सगळ्याचे मिळून त्याने पंच्याऐंशी हजार दिले. झोपाळ्याचे वेगळे असे काही बोलणेही झाले नाही. नव्या दिवाणखान्यात तो मावण्यासारखा नव्हता, स्लॅबला कड्या नव्हत्या; 'तोही घ्या' म्हणालो. चार माणसांनी फळी उचलून टेंपोत उभी केली, साखळ्या गोणपाटात गुंडाळल्या. ओसरीच्या तुळईत चार रिकामे आकडे तेवढे राहिले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काचा टेलिफोन आला. नव्या घराची चौकशी, पाणी किती वाजता येते, शेजार कसा आहे, सगळे झाले. मग म्हणाली, "अरे, झोपाळा लावलात का तिकडे?"

"नाही गं, तिकडे जागा नाही."

"मग मला पाठवशील? इथे मागच्या गच्चीवर लोखंडी तुळई आहे. मुलगा म्हणतो, टांगता येईल. एवढंच हवं होतं हो मला. तेव्हा म्हणाले नाही, म्हटलं तुम्हालाच लागेल."

त्या वेळी रिसीव्हर कोणाच्या हाती होता, आणि उत्तर कोणी दिले, हे येथे सांगत नाही. उत्तर एवढेच दिले, की "पाहतो."

त्या झोपाळ्यावर अक्काचा आमच्याहून अधिक हक्क होता. मॅट्रिकचा अभ्यास तिने त्यावर केला. सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत जाण्यास वडिलांनी परवानगी दिली तीही झोपाळ्यावर बसूनच; आजीने त्यानंतर दोन दिवस अबोला धरला होता. १९५८ साली एक कडी निखळून अक्का खाली फरशीवर पडली, हनुवटीला चार टाके पडले. वडिलांनी लोहाराकडून एक लोखंडी कडी बसवून घेतली. पितळेची मिळेपर्यंत म्हणून बसविली, ती तशीच राहिली. १९६६ साली लग्न होऊन ती इंदूरला गेली. तेव्हापासून ती माहेरी आली की पहिली संध्याकाळ झोपाळ्याची असे. इतके सगळे आम्हांला ठाऊक होते. ठाऊक असूनही 'तोही घ्या' म्हणालो. आणि तिच्या त्या "तेव्हा म्हणाले नाही" या शब्दांनी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतील तो झिजलेला अंगठा पुन्हा आमच्या डोळ्यांपुढे आला, तो हलेना.

दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्याकडे गेलो. गोदामात अशा घरांची रास पडलेली: दारे, खांब, कुणाच्या देवघराचे कळस, कुणाची पाळण्याची दांडी. आमच्या खुंट्या एका टोपलीत होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी. "काका, पाटियुं तो गयुं," तो म्हणाला. मुंबईच्या कोणा गिऱ्हाइकाने नेली. तिचे जेवणाचे मेज होणार होते, कदाचित झालेही असेल. साखळ्या? साखळ्या असतील. अशा साखळ्यांचा ढीग त्याच्याकडे होता. तो शोधून ठेवील. आम्ही चार वेळा गेलो. मध्ये पावसाळा आला, मध्ये आमच्यापैकी एकाचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले.

गौरी-गणपती नव्या घरात झाले. मुद्दाम लिहावयाचे कारण, की आम्हांला वाटले होते त्यापेक्षा ते बरे झाले. जुन्या घरी गौरी तुळशीपाशी आणून चौकातून, ओसरीवरून, माजघरात नेत असू. वाटेवर रांगोळीची पावले. येथे वाट कोठली? सौ. ने लिफ्टच्या दारापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत पावले काढली. गौरी खालून लिफ्टने वर आल्या. समोरच्या घरातली भावनगरची मंडळी व शेजारचे एक मल्याळी जोडपे दारात उभे राहून पाहत होते. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाने पाचव्या मजल्याचे बटण दाबण्याचा मान मागून घेतला. चाळीस पाने नव्हती, अकरा होती. परंतु ज्या हातांनी पन्नास वर्षे पुरण वाटले ते हात या वर्षी रात्री नऊ वाजता मोकळे होते, आणि त्यांची मालकीण बाल्कनीत खुर्ची टाकून बसली होती. जुन्या घरात गौरीजेवणाच्या रात्री तिला बसलेली कोणी पाहिली नव्हती. हे वाक्य लिहिले तेव्हा भाजी निवडणे थांबले होते.

साखळ्या ऑक्टोबरात मिळाल्या. व्यापाऱ्याने चार साखळ्या पुढे टाकल्या, काळ्या पडलेल्या, धुळीने भरलेल्या. "तमारी ज छे," म्हणाला. साडेनऊ हजार मागितले. आम्ही घासाघीस केली नाही. तसे करण्याचे तोंड नव्हते. घरी चिंचेने घासल्या, दोन दिवस लागले. वजन असे, की बॅगेची एक मूठ तुटली. मुलगी म्हणाली, "आणि आत्याचा वाटा?" ती हे मे महिन्यापासून म्हणत होती. बसलो, पुन्हा हिशेब मांडला. या खेपेस तिचा वाटा धरून. पूर्ण निघेना. जेवढा निघाला, अर्ध्याहून थोडा कमी, तेवढ्याचा चेक लिहिला.

भाऊबीज २३ ऑक्टोबरची. आदल्या रात्री अवंतिका एक्सप्रेसने निघालो. अक्कासाठी बडोद्याचा लीलो चिवडा घेतला होता. नमकीनाच्या बाबतीत इंदूरकरांपुढे हे धाडसच. पण साठ वर्षे इंदुरात राहूनही अक्का शेव इंदूरची आणि चिवडा बडोद्याचा या मतावर ठाम आहे. मुलाच्या घरी तिची खोली मागच्या बाजूस, बाहेर गच्ची, गच्चीवर खरोखरच एक लोखंडी तुळई. तिने ओवाळले. हात थोडा कापत होता, निरांजन हलत होते. ओवाळणी म्हणून तबकात चेक ठेवला आणि समोर पाटावर साखळ्या ठेवल्या.

फळीचे खरे ते सांगितले. विकली, तुला न विचारता विकली, मुंबईला गेली. ती काही बोलली नाही. चेक तिने वाचला, घडी केली आणि उशीखाली ठेवला. (चेकची मुदत तीन महिने असते. हे लिहीपर्यंत आमच्या बँकेच्या पुस्तकात तो वटलेला नाही. दर आठवड्यास पाहतो.) मग ती पाटाशी खाली बसली, सुनेच्या हाताचा आधार घेत, आणि एकेक साखळी मांडीवर घेऊन जपमाळेसारखी बोटांतून सरकवू लागली. दुसऱ्या साखळीत मधोमध तिचे बोट थांबले.

"ही बघ," ती म्हणाली.

लोखंडी कडी. आम्ही दोन दिवस चिंचेने घासत होतो. ती उजळत नाही म्हणून त्रासलो होतो, पण ती लोखंडाची आहे हे लक्षात आले नव्हते. अक्काने दुसरा हात हनुवटीला लावला आणि हसली. तिसरी साखळी तिने बाजूला ठेवली. चौथी हातात घेतली, थोडी उचलून पाहिली, आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली.

"ही आपली नव्हे."

"कशावरून, वन्सं?"

"अगं, आपल्याला मोर आहेत. हे पोपट."

आम्ही पाहिले. तिन्हींच्या मध्यावर मोर होता, चौथीच्या मध्यावर पोपट. त्या झोपाळ्यावर आम्ही दोघे मिळून किती तास बसलो असू! मोर होते हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही ओशाळलो, म्हणालो, परत नेतो, त्याच्याकडे ढीग आहे, आपली शोधून आणतो.

"राहू दे," अक्का म्हणाली. "कुणाच्या तरी ओसरीतून आलीच असेल ना ती. आता पुन्हा कुठे त्या ढिगात टाकतोस?"

संध्याकाळी तिच्या मुलाने सुताराला बोलावले. सागाची सहा फुटांची एकसंध फळी मिळणार नाही, असे सुतार म्हणाला. दोन जोडून करावी लागेल. अक्काने त्याला जोड कोठे यावा ते बोटाने दाखविले, आणि पोपटाची साखळी भिंतीकडच्या बाजूला लाव, असे सांगितले.